घरटी एक लाकूड

आमच्या गावचा हरिनाम सप्ताह श्रावणात बसतो. शेवटच्या दिवशी, काल्याचं कीर्तन सुरू होण्याआधी, मागच्या सप्ताहापासून वारलेल्या माणसांची नावं मंदिराच्या भोंग्यावरून वाचली जातात. आधी नाव, मग त्या माणसाविषयी चार वाक्यं. चारच का, हे कोणाला सांगता येत नाही. पन्नास एकरवाल्याला चार आणि भूमिहीनालाही चार.

ही वाक्यं गेली सहा वर्षं मी लिहितो. परभणीच्या वर्तमानपत्रातली नोकरी संपवून गावी राहायला आलो, तेव्हा हे काम आपोआप माझ्याकडे आलं. त्याआधी सगळ्यांविषयी एकच मजकूर वाचला जाई: धार्मिक वृत्तीचे, मनमिळाऊ, प्रेमळ. त्यातली निदान दोन माणसं मनमिळाऊ नव्हती, आणि आपण तसे आहोत असं त्यांनी कधी म्हटलंही नव्हतं. मी ठरवलं की प्रत्येकाविषयी फक्त त्याच्याच बाबतीत खरं असेल ते लिहायचं. घरच्यांना वाचून दाखवायचं आणि त्यांनी हो म्हटलं की कागद मंदिरात द्यायचा. गेल्या वर्षीच्या माणसांची नावं मी इथे देत नाही. गावाला ती पाठ आहेत आणि बाहेरच्या वाचकाला त्यांचा उपयोग नाही.

कोण कोण वारलं हे कोतवाल सांगतात, तेही वही न बघता. आमच्याकडे मयत झाली की सरणासाठी घरटी एक लाकूड जातं. बाभळीचं खांड, कडुलिंबाची फांदी, पाडलेल्या गोठ्याची तुळई; काहीच नसलं तर पाच गोवऱ्या. पूर्वी बैलगाडी दारोदार फिरायची, आता ट्रॅक्टरची ट्रॉली फिरते. कोतवाल ट्रॉलीबरोबर चालतात आणि कोणत्या घरातून काय आलं ते बघतात. त्यामुळे गेलेलं माणूस त्यांना लाकडावरून आठवतं.

"पैल्यांदा स्वयंपाकवाली आत्या," ते मला म्हणाले. "तिच्या वक्ताला पाऊस लागला व्हता. समदं वलं लाकूड. आर्धं गाव डोळे पुसायलं. कोण धुरानं पुसायलं आन् कोण कशानं, कायी कळंना."

ही आत्या सप्ताहाच्या पंगतीची आमटी तीस वर्षं करत होती. नैवेद्य दाखवण्याआधी चव घ्यायची नाही, म्हणून ती मीठ वाफेच्या वासावरून ओळखायची. मिठाला वास नसतो, असं मी तिला एकदा म्हणालो होतो. "तुमच्या पेपरात नसंल," ती म्हणाली. यंदा पहिल्या दिवशी तिच्या सुनेने आमटी केली. मीठ कमी पडलं होतं. पंगतीतल्या प्रत्येकाने वेगळं मीठ मागून घेतलं. चौथ्या दिवशी कोणी मागितलं नाही.

दुसरं नाव एसटीच्या निवृत्त चालकाचं. घरी बसल्यावरही हे गृहस्थ रोज सकाळी फाट्यावर जाऊन उभे राहत आणि मानवतची गाडी किती उशिरा येईल ते लोकांना सांगत. कसं सांगत, हे कोणी विचारलं नाही, कारण अंदाज बहुधा बरोबर निघे. त्यांच्यामागे आता लोक मोबाइलवर बघतात आणि मोबाइलला शिव्या देतात.

तिसरे पंचवीस एकरांचे मालक. धाकट्या भावाशी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, त्यांची कोर्टात केस होती, ती एकवीस वर्षं चालली. तारखेला दोघे एकाच मोटारसायकलवर परभणीला जात, कारण धाकट्याला गाडी चालवता येत नसे. हे लिहू का, असं मी धाकट्याला विचारलं.

"लिवा की," तो म्हणाला. "धुऱ्यासाठी शेवटपोत्तर भांडला मनून लिवा. न्हाई लिवलं, तर वरून मलाच मनंल, काय रे, केस सोडली का काय?"

आणखी तीन नावं होती. अशी सहा नावं झाली, चोवीस वाक्यं झाली, आणि सप्ताहाच्या पाचव्या दिवशी माझं काम संपलं असं मी धरून चाललो.

त्या दुपारी एक बाई ओसरीवर आली. गावाबाहेर गायरानाला लागून राहणाऱ्या मेंढपाळाची ती बायको. त्यांच्याकडे शंभर-सव्वाशे मेंढ्या आणि दोन एकर कोरडवाहू जमीन. दिवाळीनंतर कळप घेऊन दोघं नवरा-बायको आणि मुलगा सेलूच्या बाजूला जात. पिकं निघालेल्या रानात रात्री मेंढ्या बसवायच्या, की त्या वावराला खत मिळतं आणि मालक त्याबद्दल ज्वारी देतो. पावसाळ्याच्या तोंडावर गावी परतायचं. यावर्षी मायलेक दोघंच परतली होती.

"भाऊ, यादी झाली का?"

"झाली, वैनी."

"आमचे हायेत का त्यात?"

ते नव्हते. फाल्गुनात, देवगाव फाट्याच्या पुढच्या एका गावी, सकाळचा चहा पिऊन ते मेंढ्यांभोवती रात्री लावायच्या जाळीला टेकून बसले ते उठले नाहीत. कळप सोडून निघता येत नव्हतं, कारण काही मेंढ्या व्यायला आल्या होत्या. अंत्यविधी तिथेच झाला. बातमी फोनवर आली, गाव हळहळलं, पण ट्रॉली फिरली नाही. म्हणून कोतवालांना ते आठवले नाहीत. कोतवालांनी मुद्दाम काही केलं नव्हतं. लाकूड गेलं नाही तर त्यांच्या डोक्यात माणूस गेल्याची नोंद होत नाही. मला मात्र ही सबब नव्हती.

"आबांना विचारतो," मी म्हणालो. आबा म्हणजे सप्ताहाचे प्रमुख. यादीत काय जायचं, याचा शेवटचा शब्द त्यांचा.

"इचारा. मला दुसरं काय नको." ती उभीच होती. "जल्म त्यांनी इथंच काढला. निसतं मरायला तिकडं गेले. तिकडचे तर ते न्हवतेच. आता इथल्या यादीत बी न्हाईत. मग ते कुठले व्हते, सांगा बरं?"

मी यादीचा कागद खिशात घातला. ती गायरानाकडे गेली आणि मी मंदिरात गेलो.

आबा ऐंशीच्या पुढचे आहेत. मंदिराच्या ओट्यावर बसून ते टाळांच्या दोऱ्या बदलत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी हातातली गाठ पुरी केली.

"गावाचं लाकूड लागलं का त्याला?"

"नाही."

"मग मला कामून इचारतूस? नेम तुला म्हाईत हाय. ज्याला गावानं लाकूड दिलं त्याचं नाव वाचायचं."

"तो गावचाच होता, आबा."

"माझा भाऊ गावचा न्हवता का? सख्खा भाऊ. पुण्याला लेकाकडं वारला. वाचला का मी? त्याचा लेक हितं येऊन भांडून गेला. दोन वर्सं झाली, माझ्याशी बोलत न्हाई." त्यांनी दुसरा टाळ उचलला. "मेंढरवाला लय गुणाचा माणूस. दर साली त्याची मेंढरं पैली माझ्या वावरात बसायची. पण गुण येगळा आन् नेम येगळा."

हा हट्ट नव्हता. गावातून पुण्याला गेलेली कितीतरी घरं आहेत, आणि एकाचं नाव घेतलं की बाकीचे विचारणार. शिवाय स्वतःच्या भावाला ज्या नेमाने बाहेर ठेवलं, तो नेम दुसऱ्यासाठी मोडणं त्यांना कसं जमणार? मी वाद घातला नाही.

वर्तमानपत्रात एक सवय लागते. बातमीत एक बाजू राहिली असेल तर फोन करायचा. मी गायरानावर गेलो आणि त्या बाईच्या मुलाकडून देवगाव फाट्याकडच्या शेतकऱ्याचा नंबर घेतला. ज्याच्या वावरात ते वारले, तोच हा शेतकरी. मला एवढंच विचारायचं होतं की त्या दिवशी नेमकं काय झालं आणि सरणाला लाकडं कुठून आली.

"लाकडं का?" तो म्हणाला. "घरटी एक खांड. आमच्यात नेमच हाय तसा. मी माझी बाभळ तोडली. पंदरा साल येत व्हते ओ ते आमच्याकडं."

"सगळ्या घरांनी दिलं?"

"आता एखाद्यानं गोवऱ्या दिल्या असतील. पण घर कोणतं चुकलं न्हाई. आन् चैतात आमच्या सप्त्याला वाचलं बी की त्यांना. मायलेक तवर कळप घेऊन पुढं गेले व्हते."

"काय वाचलं?"

"गेल्याली माणसं वाचतोत ना, त्यात. मास्तरनं लिवलं व्हतं. थांबा, कागदाचा फोटू धाडतो."

दहा मिनिटांत फोटो आला. रेघांच्या वहीचा कागद, अक्षर शिक्षकाचं. नाव बरोबर होतं. खाली तीन वाक्यं: 'दर वर्षी कळप घेऊन येत असत. पंधरा वर्षे आपल्या शिवारात राहिले. राहणार पेडगाव.'

पेडगाव आमचं गाव नव्हे. शेजारचं आहे. पण मानवतच्या पुढे गेलं की आमचं गाव कोणाला माहीत नसतं, म्हणून 'कुठले?' असं विचारलं तर आम्ही सगळे 'पेडगावकडचे' म्हणतो. मीही म्हणतो. मेंढपाळाने पंधरा वर्षं तेच सांगितलं असणार आणि मास्तरांनी जे ऐकलं ते लिहिलं. अशी चूक माझ्या हातून नोकरीत अनेकदा झाली होती, त्यामुळे मास्तरांना दोष देण्याचा मला अधिकार नव्हता.

मी मंदिरात परत गेलो. भजनाच्या दोन पाळ्यांमधली वेळ होती आणि ओट्यावर वीसेक माणसं चहा पीत बसली होती. मी लाकडांचं सांगितलं, पण फोन आबांना देण्याआधी तो तीन-चार हातांमधून फिरला.

"पेडगाव?" एकजण म्हणाला. "पेडगावचा कोण ह्यो?"

"आरं, आपला मेंढरवाला. वाच की नीट."

"आन् राहणार पेडगाव? आपला माणूस पेडगावच्या नावावर वाचला?"

"भोंग्यावर वाचला का?"

"मंग काय कानात वाचला?"

"पेडगाववाल्यांनी त्याला कधी पाणी तरी पाजलं का?"

"पाजलं असंल की," कोपऱ्यातून कोणीतरी म्हणालं.

"तुमी गप बसा, दाजी. तुमची सासुरवाडी हाय तिथं."

"सासुरवाडी हाय मनून खोटं बोलू का? पाजलं असंल मनलो मी. पाजलंच मनलो का?"

एकाने सुचवलं की उद्याच चौघांनी जीप करून त्या गावी जावं आणि मास्तरला जाब विचारावा. दुसऱ्याने विचारलं की मास्तरला काय सांगणार, आमच्या माणसाचं नाव आम्ही वाचत नाही, पण तुम्ही नीट वाचा? यावर हसू आलं. सगळे आबांकडे बघायला लागले.

आबांनी फोन हात लांब करून धरला आणि कागद मोठ्याने वाचला. पेडगाव हा शब्द त्यांनी दोनदा वाचला. मग कोतवालांना हाक मारली.

"नेम काय हाय आपला?"

"घरटी एक लाकूड, आबा."

"कोणत्या गावचं?"

कोतवालांनी विचार केला. "ते नेमात न्हाई. आजपोत्तर कोणी इचारलंच न्हाई."

"त्याला घरटी लाकूड लागलं का?"

"भाऊ मनतेत, लागलं. एक बी घर चुकलं न्हाई."

आबांनी टाळाची दोरी बोटाला गुंडाळली. "माझा भाऊ पुण्याला बिजलीच्या दाहिनीत गेला," ते म्हणाले. "त्याला कोणाच्याच घरचं लाकूड लागलं न्हाई." हे त्यांनी आम्हाला सांगितलं की स्वतःला, ते मला ठरवता आलं नाही. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "मेंढरवाल्याचं लिव. चार वाक्यं. आन् गावाचं नाव मीच वाचतो, मोठ्यानं."

मी सरळ गायरानाकडे गेलो. ती बाई जाळीच्या मेखा ठोकत होती. मी मास्तरांच्या कागदाविषयी आणि आबांच्या निर्णयाविषयी सांगितलं. तिने दगड खाली ठेवला आणि पदराने तोंड पुसलं.

"खरं का? आबा मनले?"

"आबाच वाचणार. आता सांगा, काय लिहू?"

"मी काय सांगू? तुमी लिवणारे. चांगलं मनून लिवा."

"चांगलं म्हणजे काय? दुसऱ्या कोणात नाही असं काहीतरी सांगा."

ती हसली. "लय बोलायचे."

"कोणाशी? तुमच्याशी?"

"माझ्याशी कुठलं? मेंढ्यांशी. माणसं उलटून बोलतेत मनायचे."

मुलगा पलीकडे पाणी शेंदत होता. "एका जागी दोन राती मेंढरं बसवायचे न्हाईत, ते लिवा," तो म्हणाला. मी कारण विचारलं. मालक लोक आग्रह करतात, त्याने सांगितलं. खडकाळ तुकड्यात आणखी एक रात्र बसवा म्हणतात. पण खत जास्त झालं की पुढचं पीक जळतं. बाप ऐकायचा नाही. दिवस उजाडला की जाळी उपटून पुढे सरकवायचा. "एक मालक तर लय चिडला व्हता. दुसऱ्या साली त्यानंच बोलावून नेलं."

"चपलांचं सांग," आई म्हणाली आणि मग स्वतःच सांगू लागली. "दुसऱ्याच्या वावरात जाताना धुऱ्यावर चप्पल काढायचे. मनायचे, लोकाचं वावर हाय. मी मनायची, मंग मेंढ्या कुठं चपला काढून येतेत? आन् जिथं काढल्या तिथं इसरायचे. तीन जोड्या गेल्या."

"चार," मुलगा म्हणाला.

"तीन. चौथी कुत्र्यानं नेली. ती त्यांची चूक न्हाई."

मी तीन लिहिलं. संध्याकाळी कागद वाचून दाखवला. तिने मजकूर दोनदा ऐकला आणि 'मनमिळाऊ' घातलं नाही ना, एवढं विचारून घेतलं. हा शब्द तिला का खटकतो, असं मी विचारलं. "पोलीस पाटलाच्या बापाला वाचलं व्हतं ते," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय तो कसा मिळायचा ते."

काल्याच्या दिवशी ऊन पडलं होतं. यादीत आता सात नावं होती आणि ती वारल्याच्या क्रमाने वाचायची होती. पहिली चार कीर्तनकारांच्या शेजारी उभ्या असलेल्या एका शिक्षिकेने वाचली. धुऱ्याची केस आली तेव्हा मांडवात हशा पिकला आणि धाकटा भाऊ मान हलवत बसला. पाचव्या नावाला आबा उठले. त्यांनी शिक्षिकेकडून कागद घेतला, चष्मा नीट केला आणि वाचलं:

'यांनी चाळीस वर्षे या गावच्या आणि आसपासच्या शिवारात मेंढ्या बसवल्या. मालकाने कितीही आग्रह केला तरी एका जागी दोन रात्री कळप बसवला नाही. दुसऱ्याच्या वावरात जाताना ते चपला धुऱ्यावर काढत आणि त्यात त्यांच्या तीन जोड्या हरवल्या. मेंढ्यांशी बोलत, माणसांशी बेताने बोलत, आणि ते राहणार याच गावचे.'

शेवटच्या वाक्यानंतर आबांनी गावाचं नाव घेतलं. कागदात ते नव्हतं. भोंगा पेडगावच्या दिशेला लावलेला आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. मागून कोणीतरी 'दाजी, ऐकलं का?' म्हणालं.

ती बाई बायकांमध्ये बसली होती. मुलगा मेंढ्यांजवळ राहिला होता, आवाज गायरानापर्यंत जातो. तिने वर पाहिलं नाही. शेजारच्या बाईने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिने तसाच राहू दिला. कीर्तन संपलं, दहीहंडी फुटली, प्रसाद वाटला गेला, आणि मग ती माझ्याकडे आली.

"कागद द्या तो मला."

मी दिला. तिला वाचता येत नाही. तिने त्याची घडी घालून कंबरेच्या पिशवीत ठेवली.

दिवाळीनंतर मायलेक कळप घेऊन सेलूच्या बाजूला गेली. आठवड्याभरात देवगाव फाट्याकडच्या त्या शेतकऱ्याचा मला फोन आला. बाईंनी आल्या आल्या कागद मास्तरांच्या हातात दिला होता. मास्तरांनी स्वतःच्या कागदावर पेडगाव खोडून आमच्या गावाचं नाव घातलं, चारही वाक्यं उतरवून घेतली आणि चैत्रात पुन्हा वाचू म्हणाले.

मी हे आबांना सांगितलं.

"एका माणसाला दोनदा वाचतेत?" ते म्हणाले. "तसा नेम हाय का त्यांच्यात?"

"माहीत नाही. विचारू का?"

"नको इचारू. वाचू दे."

शेतकऱ्याने तेव्हा फोन तिच्याकडेही दिला होता. ती म्हणाली की ज्वारीची ताटं निघालीत, रान मोकळं आहे, आणि मास्तर चांगला माणूस आहे, चूक कळल्यावर लाजला. नंतर तिचं बोलणं माझ्याशी राहिलं नाही. मागे मेंढ्यांचा गलका होता आणि ती त्यांतल्या एकीला, नाव घेऊन, माझ्या अपेक्षेपेक्षा बराच वेळ काहीतरी सांगत होती.